आबांचा एकट्याचा फोटो

मी निघाले त्या दिवशी आबा खळ्यात भात झोडत होते. हिर्डोशीला सकाळची एसटी यायला अवकाश होता, आई माझ्या बॅगेत नाचणीच्या पिठाची पिशवी कोंबत होती, आणि मागून पेंढ्या आपटल्याचा आवाज एकसारखा येत होता. मी पाया पडायला खळ्यात गेले. आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली नाही. "जायचं तर जा. हितं कुनी अडवलं न्हाई," एवढं म्हणाले आणि पुन्हा आपटायला लागले. मी वाकले तेव्हा त्यांच्या पायावरची कुसं माझ्या हाताला टोचली. स्टॉपवर सोडायला एकटी आई आली.

त्यांचा राग उगाच नव्हता, हे आज कबूल करते. मी एकुलती एक. मला पुण्याला नर्सिंगला घातलं तेव्हा भावकीनं नाकं मुरडली होती. त्यावर आबांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं की माझी लेक शिकून भोरच्या सरकारी दवाखान्यात लागणार, मग खोऱ्यातल्या बायांना आपलं हक्काचं माणूस असेल. आणि लेक गेली आयर्लंडला! नंतर लोक मुद्दाम विचारायचे, "आबा, कवा येनार वो तुमची सिस्टर भोरला?" आबा मान खाली घालायचे. आईनं हे मला कधी कळू दिलं नाही. वरवे बुद्रुकच्या आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ संतोष, त्यानं एकदा बोलता बोलता सांगितलं.

कॉर्कमध्ये मला सात वर्षं झाली. वॉर्ड, ड्युट्यांचा रोटा, व्हिसाचं रिन्यूअल, ओव्हनमध्ये गरम केलेला कालचा भात. आयरिश म्हाताऱ्यांना मी दिवसभर हात धरून चालवते, त्यांच्या लेकींना फोन लावून देते. आणि माझा स्वतःचा फोन घरी लागला की पलीकडून आबांचा आवाज यायचा, "घे, तुझी लेक हाय." तो आईला उद्देशून. मी म्हणायचे, आबांना दे. आई म्हणायची, ते गोठ्यात गेलेत. आमच्याकडे म्हशी दोन, पण आबा जेव्हा बघावं तेव्हा गोठ्यात! दोनदा सुट्टीवर घरी जाऊन आले. तेव्हा जेवताना आबा "भात घे" म्हणाले. तेवढंच.

अशात मला इंटरनेटवर आपला हा मंच सापडला. तुम्ही सगळे इथं आहात, खोऱ्यात राहिलेले आणि खोऱ्यातून गेलेले, म्हणून सांगत बसत नाही; पण धरणात गेलेली शेतं, घाटातला जुना रस्ता, लग्नातल्या पंगती, असे एकेकाचे फोटो आणि त्याखाली चाललेली तुमची भांडणं मी कामावर जाताना बसमध्ये वाचायचे. मग कुणीतरी "खोऱ्यातली माणसं" हा धागा सुरू केला. जो तो आपल्या माणसाचा फोटो टाकायचा आणि खाली लांबलचक लिहायचा. मलाही वाटलं, आपले आबा हवेत इथं.

माझ्याकडे त्यांचा धड फोटो एकच, माझ्या नर्सिंगच्या समारंभातला. त्यातून बाकीची माणसं कापून टाकली, मीसुद्धा त्यात गेले. रंग जांभळे पडले होते म्हणून काळापांढरा केला. आता खाली काय लिहायचं? दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. परत लिहिल्या, परत खोडल्या. सात वर्षं न बोललेल्या माणसाबद्दल काय लिहिणार? बस हॉस्पिटलला पोचली. मी नुसता फोटो टाकला, फोन लॉकरमध्ये ठेवला आणि ड्युटीवर गेले.

आता तुम्ही मला सांगा, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो, तोही काळापांढरा, तोही एक शब्द न लिहिता लेकीनं टाकला, तर त्याचा अर्थ काय होतो? हार घालायचा तेवढा राहिला होता! हे मला सुचू नये? इतकी कशी मी तिकडची झाले, याची मला अजून लाज वाटते.

पहिली "भावपूर्ण श्रद्धांजली" नसरापूरहून आली. मग रांगच लागली. संतोषनं मला फोन केला, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. आईचा मोबाईल रेंजच्या बाहेर, तो बहुतेक वेळा असतोच. मग त्यानं आत्याला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि हिर्डोशी गाठली. गाडी लावायला तो रस्त्यावर थांबला, आत्या मात्र उतरली तशी आपल्या रीतीप्रमाणे वाटेपासूनच गळा काढत घराकडे धावली.

आबा अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. बहीण रडत येतेय, हुंदक्यात शब्द कळत नाहीत. आणि आत्यानं त्यांना जिवंत बघितलं मात्र, तिची वाचाच बसली. ती नुसती कपाळ बडवायला लागली. त्या माणसाच्या मनात दुसरं काय येणार? संतोष पोचला तेव्हा आबा पडवीच्या मेढीला धरून खाली बसले होते आणि विचारत होते, "कवा गेली गं माझी पोर? कवा गेली?" आत्या मान हलवत होती, पण ती हो म्हणतेय की नाही ते कुणाला कळेना. "म्या तिच्याशी नीट बोललो पन न्हाई," आबा म्हणाले. संतोषनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

त्यानं सगळा उलगडा केला. आत्याला कंठ फुटला तशी ती म्हणाली, "मेल्याची आवई उठली की आविष्य वाढतंय, दादा!" शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या म्हणे. आबा हसले नाहीत. गावात खात्रीची रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. तिथं अनवाणी चढून गेले आणि संतोषला म्हणाले, "लाव फोन. तिचा आवाज ऐकल्याबिगर म्या हितनं उठनार न्हाई." संतोष लावत राहिला, मी वॉर्डात. गावाकडे दिवेलागण झाली तेव्हा कुठं, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, मी लॉकर उघडला. फोन वाजतच होता.

"हायेस न्हवं गं?" आबा म्हणाले.

"आहे, आबा," मी म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं. "बरं," ते म्हणाले, "जेव मग." आणि फोन संतोषकडे दिला. त्यानं काय काय झालं ते सांगितलं. मी लॉकररूममध्ये फरशीवर बसून रडले. सोबतची आयरिश सिस्टर विचारायला लागली की कोण गेलं. कुणी नाही, हे तिला कसं समजावू?

तुम्ही लिहिलेल्या श्रद्धांजल्या दुसऱ्या दिवशी संतोषनं आबांना वाचून दाखवल्या. कुणाच्या बाळंतिणीला त्यांनी पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता, कुणाच्या शेताच्या बांधावरून चाललेलं भांडण मिटवलं होतं. इतकं चांगलं जित्तेपणी कानावर पडायला नशीब लागतं. सगळं ऐकून झाल्यावर आबांनी विचारलं, "आन् पोरीनं काय लिवलंय?"

संतोषनं फोटोच्या खाली शोधलं. "काय न्हाई मामा. नुस्ता फोटो टाकलाय."

"आसंल," म्हणाले आणि उठून गेले.

फोटो काढून टाकू का, असं मंच चालवणाऱ्यांनी विचारलंय. नका काढू. पूर्वी मला घर म्हणजे हिर्डोशीचं अंगण वाटायचं, मग काही वर्षं कॉर्कची खोली वाटली. आता वाटतं, आपण नसलो या नुसत्या कल्पनेनं जिथं कुणाचे तरी पाय गळतात, ते घर. संतोष, पुढचं मामांना हळूहळू वाचून दाखव.

आबा, मला भोरला परत यायचं नाही, हे खरं आहे. तुम्हाला सोडून जायचं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं, ते मला खळ्यात सांगता आलं नाही आणि बसमध्ये लिहिताही आलं नाही. फोटोखाली मी काही लिहिलं नाही ते एवढ्यासाठी. सांगण्यासारखं काही नव्हतं, असं समजू नका.