निर्मलाबाईंची दोन बटणं

अड्याळच्या निर्मलाबाईंनी उभ्या जन्मात सायकलचंही हँडल धरलं नव्हतं. नवरा भैय्याजी मात्र एसटीचे ड्रायव्हर, आणि घरातसुद्धा हुकमाशिवाय बोलायचे नाहीत. निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी लकव्यानं त्यांचा डावा हात नेला. मग खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवणं एवढाच धंदा उरला.

बापाचं मन रमावं म्हणून पुण्यातल्या प्रविणनं सुटीत येऊन घरच्या कॉम्प्युटरवर मोटारशर्यतीचा गेम टाकून दिला. हा पोरखेळ नव्हता. वळणावर वेग जास्त झाला की गाडी खऱ्यासारखी घसरायची, ब्रेक दाबून धरला की चाकं जाम. भैय्याजी खूश झाले. पण कीबोर्डवर वळवायची बटणं उजव्या हाताला आणि अ‍ॅक्सिलरेटर-ब्रेक डाव्या हाताला. तो हात तर मांडीवर नुसता पडलेला.

"इकडं ये वं," त्यांनी बायकोला हाक मारली. "मी वळवतो, तू हे दोन बटनं दाब. मी सांगीन तवाच."

अशी एक गाडी दोघांत चालू लागली. भिंतीवर गेली तर चूक बाईंची, पुढं निघाली तर कमाल ह्यांची! बटणाला अर्धंमुर्धं कळत नाही, दाबलं की पूर्ण ब्रेक. मीठ चिमटीचिमटीनं घालावं तसं ते टिचक्या मारत दाबायचं, हे बाईंनी आपलं आपणच शोधलं. हळूहळू त्या हुकमाच्या आधीच ब्रेक लावू लागल्या. भैय्याजींनी कौतुक केलं नाही, पण त्यांचं ओरडणं थांबलं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघं एका कामाला असे शेजारी कधी बसले नव्हते. बाईंना ते आवडायचं. वेगही आवडायचा, पण या वयात ते सांगायचं कोणाला?

दिवाळीला प्रविणनं स्टेअरिंग पाठवलं, पायाखालच्या पेडलांसकट. एका हातानं फिरवता येणारं. पाय तर शाबूतच होते.

"आता कोनाची गरज नाही!" भैय्याजी आनंदानं म्हणाले. त्यांच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं. बाईंच्या मात्र जिव्हारी लागलं.

संध्याकाळी फोन आला. "आई, बाबा खूश ना?"

"लय खूश. अन् मी काय करू रे?"

प्रविण हसला. "तू आराम कर."

बाईंनी दोन दिवस आराम केला. भांडी आदळून झाली, भाजीत तिखट जास्त पडलं. तिसऱ्या दुपारी भैय्याजींचा डोळा लागल्यावर त्यांनी कपाटावरचा कीबोर्ड काढला, वायर जोडली आणि दोन्ही हात ठेवून बसल्या. डावा हात तयार होता, उजवा अडाणी. गाडी भिंतीवर, गवतात, पुन्हा भिंतीवर. रागानं डोळ्यांत पाणी आलं. तरी रोज नवरा झोपला की त्या बसायच्याच.

एका दुपारी गाडी कुठंही न घासता अर्ध्याच्या वर गेली. बटणांच्या टकटकीनं भैय्याजी जागे होऊन मागं येऊन उभे राहिले होते. समोर सगळ्यात अवघड वळण आलं.

"ब्रेक!" ते ओरडले.

बाईंनी लावला नाही.

"लाव ना वं! काहून नाही लावून राहिली?"

बाईंनी गाडी आणखी थोडी पुढं जाऊ दिली. मग डाव्या बोटानं टिचक्या, उजव्यानं टिचक्या. गाडी कडेला चाटून वळली आणि सरळ रस्त्याला लागली. भैय्याजी गाडी नेहमी याच्या बरंच आधी आवरायचे. ते काही बोलणार, तेवढ्यात बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या,

"तुमी बसा. गाडी मी चालवून राहिली."

भैय्याजी बसले.