ठाण मांडणे : वाक्यात उपयोग करा

आठवीच्या वह्या तपासताना एक वाक्य वाचून मला हसू आवरेना. 'ठाण मांडणे'चा वाक्यात उपयोग विचारला होता आणि एकीने लिहिलं होतं, 'आत्या डोळे दाखवायला आली आणि आमच्याकडे ठाण मांडून बसली.' मी ते खणखणीत आवाजात वाचूनही दाखवलं. शेजारी माझी आई बसली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती उमरठहून महाडला माझ्याकडे आली होती. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि थेंब अजून तीन आठवडे घालायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून तयार.

"मला पोलादपूरच्या गाडीत बसवून दे. लेकीकडं किती दिस ठाण मांडून ऱ्हायाचं?"

माझं डोकंच फिरलं. गावी ती एकटी, त्यात चुलीचा धूर, आणि थेंब घालणार कोण? डोळा घालवून बसायचंय का, असंही बोलून गेले. मग वर्गात समजावते तसं समजावलं, की ठाण मांडलं असं माणूस स्वतःबद्दल कधी म्हणत नाही. ते घरच्यांनी पाहुण्याच्या पाठीमागे म्हणायचं असतं. या घरची मी आहे आणि मी तसं म्हटलेलं नाही.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तू म्हणून काय व्हतंय गो? तू तर माझीच हायेस."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे लेकीच्या आग्रहाला वजन नसतं. राहा म्हणायचं ते विहिणीने. सासूबाईंनी नऊ दिवस तिला प्रेमाने जेवू घातलं होतं, पण तेवढा शब्द काढला नव्हता. लेकीने ठेवून घेतलंच आहे, आपण वेगळं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असणार. मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या कानावर घातलं. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि आईजवळ बसल्या.

"विहीणबाई, थेंब संपेपर्यंत राहा. दुपारची मलाही सोबत होते."

"बरं," आई म्हणाली आणि पिशवीतून लुगडी बाहेर काढायला लागली.

मी अर्धा तास घसा कोरडा केला होता. मला हायसं वाटलं, सासूबाईंचा हात धरावासा वाटला, आणि रडूही आलं. बावीस वर्षं मी या घरात आहे. माझ्याच आईला ठेवून घ्यायला मला शब्द मागून आणावा लागला.