भिंतीपलीकडचं शवासन

सोलापुरात शांततेला घाबरणारा माणूस एकच होता आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहत होता. सगळा बोळ त्यांना मामा म्हणे. बोळ नोकरदारांचा, मीही एका दैनिकाच्या कचेरीत; यंत्रमाग एकट्या मामांच्या घरात. बाहेरच्या खोलीत दोन माग, आतल्या खोलीत संसार आणि मधल्या उंबऱ्यावर विड्या वळत बसलेल्या त्यांच्या पत्नी, अक्का. जन्मभर खडखडाटात राहिल्यामुळे मामा तब्येतीची चौकशीही ओरडून करत. त्यांनी अक्कांच्या कानात सांगितलेलं गुपित कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पोचे. लग्नात ते बँडशेजारी खुर्ची टाकून गाढ झोपत आणि बँड थांबला की दचकून जागे होत. वीज गेली की बाकीचे लोक कंदील शोधत. मामा बोळाच्या मधोमध येऊन उभे राहत आणि कुणाच्या घरी काय झालं, असं विचारल्यासारखे एकेकाचा चेहरा बघत. त्यांच्या धंद्यात आवाज थांबणं म्हणजे काहीतरी तुटणं. धागा, पट्टा, काहीही. नाहीतर आडवा धागा नेणारा धोटा अडकणं.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी माग कायमचे बंद करायला सांगितले आणि घरच्या घरी हलकी योगासनं, मुख्य म्हणजे शवासन. जिवाला स्वस्थता मिळाली नाही तर पुढचा झटका शेवटचा, हे त्यांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं. अक्कांनी घरी येऊन ते मामांना हळूच सांगितलं आणि मामांनी "काय? शेवटचा?" असं विचारल्यामुळे ते बोळालाही कळलं.

माग मेहुण्याच्या शेडमध्ये गेले. फरशीत बोल्टची भोकं राहिली. त्यांवर मामांनी स्वतः विणलेली चादर अंथरली, भिंतीला आसनांचा तक्ता टांगला आणि उतारवयात नवशिके झाले. कष्टाची आसनं ते आनंदाने करत. सांगितलेली नसली तरीही. डॉक्टरांनी मनाई केलेल्या सर्वांगासनात त्यांच्या टाचा सामाईक भिंतीवर आदळत आणि माझा दाढीचा आरसा हले. भुजंगासनात नाक चादरीजवळ आलं की त्यांना विणीतला दोष दिसे.

"कुणी विणलंय हे? हितं धागा तुटलाय बग!"

"तुमीच की," उंबऱ्यावरून अक्का म्हणत. "गप पडा आता."

ते गप पडणंच जमत नव्हतं. डोळे मिटले, खोली शांत झाली, की मामा ताडकन उठून बसत.

"काय बंद पडलं?"

"काय नाही बंद पडलं. पडा."

"मग आवाज का येईना?"

हे रोज सकाळी चाले. डॉक्टरांनी एकदा पुन्हा समजावून सांगितलं, तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, आवाज थांबला की उठायचं, एवढंच शिकलोय आमी. आता उलटं कसं शिकायचं?" झोप उडाली होती. पायांवर सूज दिसू लागली. आसनं सगळी येत होती. ज्याच्यावर जीव अवलंबून होता तेवढं एक येत नव्हतं.

एका सकाळी भिंतीपलीकडून माग चालल्याचा आवाज आला. मामांनी माग परत आणला, या समजुतीने मी धावत गेलो. मामा चादरीवर उताणे पडले होते. उशाशी अक्का बसल्या होत्या. तंबाखूचा पत्र्याचा डबा उपडा घालून त्यावर पानं कापायच्या कात्रीची मूठ त्या मागाच्या ठेक्यात आपटत होत्या. खटक-फटक, खटक-फटक. मला बघून त्यांनी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. मागावर बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं ओठांवरून बोलत. मला त्यातलं काही कळलं नाही. मामांचा श्वास संथ झाला होता. मधे अक्कांचा हात किंचित अडखळला, तसे मामा डोळे न उघडता पुटपुटले, "धोटा अडकतोय." अक्कांनी ठेका सुधारला. मामा झोपले.

पुढे हे रोजचं झालं. सूज उतरली. डॉक्टरांनी शवासनाचा गुण म्हणून इतर रोग्यांना मामांचं उदाहरण द्यायला सुरुवात केली. डब्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात अक्का काविळीने गेल्या. दिवस झाल्यावर नातेवाईक पांगले आणि बोळाला मामांची काळजी लागली. सकाळी मी डोकावलो. मामा चादरीवर पडले होते. हात सैल, पाय सैल, अगदी तक्त्यातल्यासारखे. खोलीत कसलाही आवाज नव्हता आणि ते उठत नव्हते. डोळे मात्र उघडे होते.

"मामा, बरं आहे ना?"

"या, पेपरवाले." आवाज इतका हळू होता की मला खाली वाकावं लागलं. "बगा, जमलं की शवासन."

मी चादरीच्या कडेला बसलो.

"काय बंद पडलंय, ते म्हायतीय आता," ते म्हणाले. "बगायला कशाला उठू?"

घरी परत आलो. कचेरीला जायला वेळ होता. दाढीचा डबा उचलला आणि भिंतीवर आपटू लागलो. खटक-फटक, खटक-फटक. ऐकायला सोपा वाटलेला ठेका हाताला येत नव्हता. बराच वेळ पलीकडे काही हालचाल नव्हती. मग मामांनी भिंतीवर दोनदा ठोकलं.

माझा धोटा अडकत होता. मी पुन्हा सुरुवातीपासून धरला.