दोन बोटांचं अंतर

युसूफभाईंच्या उजव्या अंगठ्याला मोठं नख होतं आणि आमच्या कारखान्याचं सगळं प्रकाशशास्त्र त्या नखावर चालायचं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही ट्यूबलाइटवर बसवायची धुरकट प्लास्टिकची झाकणं बनवत होतो. झाकण धुरकट निघावं म्हणून साच्यावर बारीक वाळूचा फवारा मारून त्याला खरखरीत करणं हे युसूफभाईंचं काम. नवं झाकण निघालं की ते कुणाला तरी उजेडात धरायला लावायचे, मागे अंगठा न्यायचे आणि हळूहळू लांब सरकवायचे. नख दिसेनासं झालं की मधलं अंतर दुसऱ्या हाताच्या बोटांनी मोजायचे.

"चार बोटं. ट्यूब याच्या अलीकडं आणू नका, मंग ती दिसणारच."

दोन हजार सालच्या आसपास मी पुण्याहून तिथे नोकरीला लागलो, सोबत एक प्रोग्राम घेऊन. दिवा बनवण्याआधीच त्याचा उजेड कसा पडेल हे तो पडद्यावर दाखवायचा. शेठना दिव्याचा पातळ डबा हवा होता, ट्यूब झाकणापासून जेमतेम दोन बोटांवर. आमचं प्लास्टिक किती उजेड सरळ सोडतं आणि किती पसरवतं, हे मोजून प्रोग्रामला सांगायला हवं होतं. मी मोजायचा कंटाळा केला आणि यादीतला तयार 'आदर्श' पृष्ठभाग निवडला, सगळीकडे सारखा उजेड पसरवणारा. पडद्यावर झाकण देखणं उजळलं.

युसूफभाई पडद्याजवळ वाकले. "सर, याच्यामागं माझं नख ठेवा की."

मी हसून तो पृष्ठभाग त्यांना समजावून सांगितला.

"म्हंजे तुमच्या कंप्युटरमंदी एका बोटावर बी नख गायब? असं प्लास्टिक मी तं कधी बनवलं न्हाई."

मी ऐकलं नाही. साचा झाला, डबे झाले. शेठसमोर पहिला दिवा लावला आणि झाकणातून ट्यूबची पांढरी पट्टी लख्ख दिसली. "कुणाची चूक?" शेठनी विचारलं. माझ्या नोकरीला तीन महिने झाले होते. मी गप्प बसलो.

"वाळू मीच कमी मारली, शेठ," युसूफभाई म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुमचं नवीन हाय. माझं नाव जुनं हाय, एका साच्यानं न्हाई जात."

पण नाव गेलं. साच्यांचं काम औरंगाबादच्या एका माणसाकडे गेलं आणि युसूफभाई पॅकिंगला बसले. त्यांची चार बोटं मी गुपचूप मोजून प्रोग्राममध्ये भरली. त्यानंतर माझा अंदाज सहसा चुकला नाही, बढतीही मिळाली. लाज वाटायची, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

सहा वर्षांनी ते निवृत्त झाले. हार, पेढे झाले. जुन्या जालन्याच्या ऑटोत त्यांना बसवताना मी म्हणालो, "युसूफभाई, शेठना खरं सांगायचं राहूनच गेलं."

"माहीत हाय ना. लय बार आल्ते तुम्ही त्यांच्या केबिनपर्यंत."

पॅकिंगची खोली आणि केबिनकडे जाणारा बोळ यांच्यामध्ये आमच्याच धुरकट प्लास्टिकचं पार्टिशन होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"दूर असले की नुसता डाग दिसायचा," ते म्हणाले. "पार टेकून उभे राह्यले की चष्मासुद्धा बराबर दिसायचा. मंग परत डाग."

ऑटो गेला. मी त्याच दुपारी केबिनमध्ये जाऊन शेठना सगळं सांगितलं. पार्टिशनच्या पलीकडे तेव्हा बघायला कुणी नव्हतं.