मुलं घरी ठेवून या

शाळा सुटायच्या सुमारास फाटकाबाहेर आयांचे घोळके उभे असायचे. एरवी हे घोळके जागचे हलायचे नाहीत, पण कोपऱ्यावरून टप्पताई येताना दिसली की त्यांना पाय फुटायचे. कुणाला अचानक फोन यायचा, कुणाला स्कूटरची सीट पुसायची आठवण व्हायची. जुळ्यांची आई तर एकदा चक्क झाडामागे जाऊन उभी राहिली. झाड बारीक होतं आणि बाई चांगल्या अंगाची, त्यामुळे उपयोग काही झाला नाही. टप्पताईने तिला तिथेच गाठलं आणि पुढच्या गुरुवारची तारीख घेतली.

टप्पताई हे नाव आयांनीच ठेवलेलं. ती हवाबंद डबे विकायची, तेही दुकानात बसून नव्हे, लोकांच्या घरी जाऊन. एका बाईने आपल्या घरी चार ओळखीच्या बायका बोलवायच्या. टप्पताई आपली लाल पिशवी घेऊन हजर. डबे मांडून झाले की मुख्य खेळ. डब्यात बीटाचा लालभडक रस ओतायचा, झाकण मधोमध दाबायचं, एक कड किंचित उचलून आतली हवा सोडायची, टप्प! आणि मग तो डबा त्या घरच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर उलटा धरायचा. बायका श्वास रोखून बघायच्या. "बघा, एक थेंब नाही!" मग खरेदी, आणि निघताना सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, "पुढची तारीख कोण घेणार?" कारण हा धंदा तारखांवर चालतो. एका घरातून दुसऱ्या घराची तारीख निघाली नाही की पिशवी कोपऱ्यात पडलीच म्हणून समजा.

हे तिला लीडरताईने शिकवलं होतं. लीडरताई म्हणजे जिने तिला या धंद्यात आणलं ती बाई. तिचा फोन रोज यायचा. "'बघू' म्हणजे नाही. 'सांगते' म्हणजे नाही. आणि 'कधीही या' म्हणजे तर कधीच येऊ नका. लक्षात ठेव, वार आणि वेळ घेतल्याशिवाय उठायचं नाही." टप्पताईने ते असं लक्षात ठेवलं, की भाजीवाल्याने "उद्या आणतो" म्हटलं तरी ती "किती वाजता?" विचारायची.

खरं सांगायचं तर तिला डब्यांचं काही पडलं नव्हतं. लग्नाआधीपासून ती कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दिवसभर बायकांचा राबता, गप्पा, चेष्टामस्करी. मुलगी झाल्यावर ते सुटलं, आणि या नव्या इमारतीत आल्यावर तर शेजारची दारं फक्त कचरा बाहेर ठेवायला उघडायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. सकाळी जायचा तो संध्याकाळी ग्रीस लागलेले हात घेऊन यायचा, आणि बोलायचाही जपून. वर्षभर ती गॅलरीत उभी राहून लोकांच्या खिडक्या बघत होती. लाल पिशवी हातात आली आणि त्या खिडक्यांच्या आत जायची सोय झाली. बायकांनी आपल्याला घरात घ्यावं, बस म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. डबा हे निमित्त.

पण निमित्ताचीच सवय लागली. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरायची. कुणी मुलीच्या तापाबद्दल सांगत असलं तर हिच्या डोक्यात औषधं ठेवायचा छोटा डबा. कुणाकडे पाहुणे येणार असले तर मोठा डबा. घरी जेवताना पाय हलतोय, झोपताना ओठ हलतायत. नवरा एकदा म्हणाला, "अगं, लिफ्टसुद्धा मजल्यावर थांबते." ती हसली आणि उठून फोन बघून आली.

तारखा आटायला लागल्या तशी तिने युक्त्या काढल्या. "नवे पडदे लावलेत, बघायला या." बायका आल्या, पडदे बघितले, वळून बघतात तर टेबलावर डबे. मग "नुसत्या चहाला या." चहाबरोबर डबे. मग "नणंद आली आहे, तुमची ओळख करून देते." ती बिचारी नणंद सगळा वेळ मांडीवर झाकणं घेऊन बसली होती. एकदा जुळ्यांनी ती झाकणं जिन्यावरून गडगडत सोडली आणि तळमजल्यापर्यंत शोधाशोध झाली. तेव्हापासून टप्पताईचा एक नियमच झाला, आणि तो ती प्रत्येक वेळी हसत हसत पण न चुकता सांगायची, "मुलं मात्र घरी ठेवून या हं."

एका सोमवारी शाळेतून आल्यावर तिची मुलगी, बारकी, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बिस्किट खात होती. टप्पताई डबे पुसत होती.

"आई, चष्मेवालीकडे जादूगार आला होता काल," बारकी म्हणाली. "वाढदिवसाला. टोपीतून ससा नाही काढला, पण मोजे काढले."

चष्मेवाली म्हणजे बारकीची बाकावरची मैत्रीण, दातांच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी. दोघी म्हणजे एकमेकींचा जीव की प्राण.

"काल? मग तू गेली नाहीस?"

"मला नव्हतं बोलावलं." बारकीने बिस्किट दुधात बुडवलं. "तिची आई म्हणाली, हिला बोलावलं की हिची आई येते, आणि घरभर डबे मांडते. जुळ्यांच्या वाढदिवसाला पण नव्हतं बोलावलं. ते म्हणाले, तुझी आई नसती तर बोलावलं असतं."

ती रडत नव्हती, तक्रारही करत नव्हती. नुसतं सांगत होती. टप्पताईने मात्र हातातला डबा तीनदा पुसला तरी तिला कळेना की तो कोरडा झालाय. आपल्याला लोकांनी घरात घ्यावं म्हणून धडपडताना आपण पोरीची दारं बंद केली, हे तिला इतकं लख्ख दिसलं की ती तिथेच स्टुलावर बसली.

बारकीचा वाढदिवस येत्या रविवारीच होता. टप्पताईने ठरवलं, खराखुरा वाढदिवस करायचा. केक, फुगे, सरबत, पोरांचा दंगा. डबा नाही, झाकण नाही, तारीख नाही. सगळी पोरं घरी येतील, दंगा करतील, आणि मग बारकीलाही बोलावणी येतील. लाल पिशवी तिने पलंगाखाली ढकलली आणि आयांच्या ग्रुपवर लिहिलं, 'रविवारी संध्याकाळी आमच्या बारकीचा वाढदिवस आहे. सगळ्यांनी नक्की घरी या. वाट बघते.'

पटापट अंगठे आले. एकीने डोळा मारणारा चेहरा टाकला. टप्पताईला वाटलं, चुकून दाबला गेला असेल.

आठवडाभर तिच्या जिवाला चैन नव्हतं. लीडरताईचा फोन, "महिनाअखेर आहे, रविवार मोकळा घालवू नकोस." ती म्हणाली, "घरी वाढदिवस आहे." लीडरताई म्हणाली, "अगं मग बायका येतीलच की!" टप्पताईने फोन ठेवला आणि पिशवी पलंगाखाली आणखी आत ढकलली. थोड्या वेळाने वाकून बघितली. मग स्वतःवरच चिडली.

रविवारी नवऱ्याने शिडीवर चढून फुगे लावले. बारकीने पिवळा फ्रॉक घातला, डोक्यावर कागदाची टोपी, आणि जेवण झाल्यापासून ती दारातच उभी. वर्गात तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पहिल्यांदा आली जुळ्यांची आई. बारकीने तिच्या मागे बघितलं, मग जिन्यात वाकून बघितलं.

"जुळे कुठे?"

"घरी, बाबांकडे. म्हटलं, तुझ्या आईचा नियम मोडायला नको!" जुळ्यांची आई म्हणाली आणि तिचा गाल ओढून आत गेली.

मग बँकेत नोकरी करणारी एक आई आली. एकटी. मग डॉक्टरीणबाई आल्या. एकट्या. प्रत्येक वेळी बारकी बाईच्या मागे बघायची आणि टोपी सरळ करायची. टप्पताईला आधी वाटलं, मुलं मागून येत असतील. तिने सरबताचे ग्लास भरले, पुन्हा दारात गेली, पुन्हा आत आली. तोवर बायकांनी भिंतीकडच्या खुर्च्या ओढून अर्धगोल केला होता. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. सगळ्यांच्या मांडीवर पर्स, आणि पर्सवर हात. डॉक्टरीणबाई सुटकेच्या घाईने म्हणाल्या, "चला, आज काय दाखवताय? आम्ही सगळ्या एकेक घेणारच आहोत, ठरवूनच आलोय. फक्त जरा लवकर आटपा."

पडदे, चहा, नणंद, आणि आता वाढदिवस. बायकांनी आपल्या परीने बरोबरच ओळखलं होतं.

टप्पताईने लगेच सांगायला हवं होतं. पण ती उभीच राहिली, आणि खोटं कशाला बोला, त्या एका क्षणात तिच्या मनात हेही येऊन गेलं की एवढ्या बायका आयत्या बसल्या आहेत, पर्स मांडीवर आहेत, आणि पिशवी पलंगाखाली आहे. नवरा स्वयंपाकघराच्या दारात केक घेऊन उभा होता. तो तिच्याकडे बघत होता.

तेवढ्यात आतून काहीतरी फरपटत येण्याचा आवाज आला. बारकीने डोक्यावरची टोपी काढली होती आणि ती दोन्ही हातांनी लाल पिशवी ओढत आणत होती.

तिने पिशवी अर्धगोलाच्या मधोमध ठेवली. घसा साफ केला, थेट आईसारखा. "या या, बसा, पंखा हवा का? आता मी तुम्हाला एक गंमत दाखवणार आहे. घाबरायचं नाही हं, डबा चावत नाही."

बायका हसल्या. बारकीने सरबताचा ग्लास डब्यात ओतला, झाकण मधोमध दाबलं, कड किंचित उचलली. टप्प. पांढरा टेबलक्लॉथ नव्हता. तिने आजूबाजूला बघितलं, मग आपला पिवळा फ्रॉक गुडघ्यांवर नीट पसरला आणि डबा त्याच्यावर उलटा धरला.

"बघा," ती म्हणाली. "एक थेंब नाही."

खरंच पडला नाही. आणि टप्पताईच्या मनात पहिला विचार आला तो असा, पोरीचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. तिला अभिमान वाटला. मग त्या अभिमानाची तिला इतकी लाज वाटली की कान तापले.

आता कुणी हसत नव्हतं. बारकीने बायकांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. "पुढची तारीख कोण घेणार?" मग ती आईकडे वळली. "आई, बरोबर केलं ना?"

टप्पताईने पुढे होऊन डबा तिच्या हातातून घेतला. "बरोबर केलंस," ती म्हणाली, आणि डबा पिशवीत ठेवला. "पण आज विकायचं नाहीये. अहो, आज खरंच वाढदिवस आहे हिचा. मी पोरांची वाट बघत होते."

 सगळ्या एकदम उठल्या. जुळ्यांची आई जिन्यातूनच फोनवर ओरडायला लागली, "अहो, दोघांना घेऊन या! आहेत तशी! चड्डीवर असली तरी चालतील!" डॉक्टरीणबाई चपला उलट्या घालून निघाल्या. "काल रात्रीपासून रडत होती माझी, जायचं जायचं म्हणून. मीच दटावलं तिला. म्हटलं, तो खोटा वाढदिवस आहे." एवढं बोलून त्या भराभर जिना उतरल्या.

पोरं आली. कुणी घरच्या कपड्यांवर, कुणी अर्धवट झोपेतून. चष्मेवाली हातात अर्धं रंगवलेलं चित्र घेऊन आली, कारण भेट आणायला दुकान उघडं नव्हतं. केक कापला, सरबत सांडलं, जुळ्यांनी पहिल्या दहा मिनिटांत झाकणं शोधून काढली आणि जिन्यावरून सोडली. या वेळी त्यांच्यामागे कुणी धावलं नाही.

"मी निघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला नंतर न्यायला येईन."

"बसा ना," टप्पताई म्हणाली.

त्या बसल्या.  टप्पताईने विचारलं, "तुमच्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे?" डॉक्टरीणबाई सांगू लागल्या, की आता त्यांना वरच्या फळीवरचं काही काढता येत नाही. वरची फळी म्हटल्याबरोबर टप्पताईच्या ओठांवर डब्याचं वर्णन आलं. हलका डबा, पकडायला कान असलेला, निळ्या झाकणाचा. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले, त्यांच्यावर बसली, आणि पाय हलत राहिला तरी सासूबाईंचं सगळं दुखणं शेवटपर्यंत ऐकलं.

आतून बारकी धावत आली. केस विस्कटलेले, फ्रॉकवर केकचा हात उमटलेला. ती आईच्या कानाशी लागली.

"आई, चष्मेवाली विचारते, परत कधी येऊ?"

टप्पताईने इतक्या दारांत उभं राहून जो प्रश्न विचारला होता, तो आज तिच्या घरी कुणीतरी तिला विचारत होतं.

"सांग तिला, कधीही ये," ती म्हणाली.

बारकी पळाली. टप्पताई मागे टेकली, आणि एकदम तिला लीडरताईचं 'कधीही या' आठवलं. ती खुर्चीतून उठून पोरीच्या मागे आतल्या खोलीपर्यंत धावली.

"अगं, कधीही नाही! उद्या! उद्या शाळा सुटली की परस्पर इकडेच ये म्हणावं!"