‘प्रॉब्लेम’ लिहायचा नाही

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मी क्वालिटीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी माझ्यावर एका शब्दाची बंदी घातली. शब्द होता ‘प्रॉब्लेम’.

रोज सकाळी साडेआठला मीटिंग असायची. आदल्या दिवशी कुठल्या मशीनवर काय बिघडलं ते मी कागदावर लिहून द्यायचं. मी लिहायची: प्रॉब्लेम, भोक वाकडं. प्रॉब्लेम, कडा खरखरीत. साहेब लाल पेनाने तेवढा शब्द खोडायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "एन्न मा, काय गं हे? हा कागद वर मोठी माणसं वाचतात. माझ्या डिपार्टमेंटला प्रॉब्लेम नसतो. दुसरा शब्द शोध."

दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता. मी मराठी शाळेतली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही न विचारता सांगते. वडिलांची कराडला पिठाची गिरणी. गिऱ्हाइकाला ते तोंडावर सांगत, "आज पीठ जाड येईल, चालत असेल तर डबा ठेवा." इंजिनिअरिंगची पुस्तकं मी इंग्रजीतून पाठ केली होती, पण एका गोष्टीला पाच नावं असतात आणि त्यातलं कुठलं कुणापुढे काढायचं असतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

शिवाय सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. शेवटी पत्र मिळालं तर नोकरी पक्की. नाही मिळालं तर कराड, आणि कराडला आत्या स्थळांची यादी करून बसलेली.

चेन्नईत मैलापूरला मी ज्यांच्याकडे राहत होते त्या निवृत्त इंग्रजी शिक्षिका. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, म्हणून मीही. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. मराठी बोलत, पण तमिळच्या चालीवर, आणि ‘सगळं’ला ‘अस्कं’ म्हणत. मी रडगाणं सांगितल्यावर त्यांनी चष्मा लावला.

"अस्कं सोपं आहे गे. लिही. हिच, एच-आय-टी-सी-एच, म्हणजे चपलेत खडा. डिफिकल्टी म्हणजे चढ. ट्रबल म्हणजे आपली वरच्या मजल्यावरची बाई. कन्सर्न म्हणजे मला काळजी वाटते, पण मी खुर्चीतून उठणार नाही."

"आणि प्रॉब्लेम?"

"त्याला उठावं लागतं."

मी रोज एक शब्द घेऊन जायला लागले. साहेब रोज एक खोडायला लागले. डिफिकल्टीवर म्हणाले, "कुणाला? मशीनला की तुला?" ट्रबल लिहिलं तेव्हा नुसते हसले. शेवटी कंटाळून त्यांनीच शब्द दिला: ऑब्झर्व्हेशन. भोक वाकडं? ऑब्झर्व्हेशन. कडा खरखरीत? ऑब्झर्व्हेशन. लाल पेन थांबलं. माझे कागद कसे गुळगुळीत दिसायला लागले. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायला लागलं होतं.

खाली मशीनवरची माणसं मात्र जुन्याच शब्दावर होती. त्यांना मराठी येत नव्हती, मला तमिळ. "मॅडम, प्रॉब्लेम," एवढं त्यांनी म्हटलं की मी मापाचं गेज घेऊन पळायची. तेवढ्यावर आमचं उत्तम चाललं होतं.

पाचव्या महिन्यात एका दुपारी बुशचा, म्हणजे आरपार भोकाच्या छोट्या नळ्यांचा, लॉट तपासत होते. गेजचं एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. दहा नग घेतले, त्यातल्या तिनांत ते दुसरं टोकही आरामात गेलं. साहेब बाहेर मीटिंगला. हाताला सवय लागली होती, लिहिलं, "ऑब्झर्व्हेशन: काही नगांचं भोक किंचित मोठं." कागद डिस्पॅचच्या टेबलावर ठेवला आणि दहीभात खायला गेले. परत येते तर बुशचे क्रेट जागेवर नाहीत.

"लॉरीत चढवले, मॅडम," डिस्पॅचवाला मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

"मी लिहून ठेवलं होतं ना!"

"ऑब्झर्व्हेशन लिहिलं होतं. ते तर रोज असतं. त्याने कुठे लॉरी थांबते?"

बरोबरच होतं त्याचं. मी गेटकडे धावले. लॉरी चालू होती, वॉचमन आडवा दांडा उचलत होता. मला तमिळ यायचे ते वीसेक शब्द, तेही भाजीबाजाराचे. वांगी आणि कोथिंबिरीने लॉरी थांबत नाही. मी हात वर करून ओरडले, "प्रॉब्लेम! प्रॉब्लेम!"

दांडा खाली आला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

कुणीतरी कळवलं असावं, गेटवरच साहेबांचा फोन आला. "लॉरी कुणी थांबवली?"

"मी, सर."

"कस्टमर मालाची वाट बघतोय. तू थांबवलीस, तूच त्याला सांग."

झालं, म्हटलं. पत्र गेलं, आत्या जिंकली. मामींनी शिकवलेली दोन नम्र वाक्यं कागदावर लिहून घेतली आणि नंबर लावला. पलीकडून घोगरा आवाज आला, "येस?" आणि माझा कागद हातातच राहिला.

"सर, प्रॉब्लेम आहे. काही बुशचं भोक मोठं आहे. एकेक तपासून चांगले तेवढेच पाठवते. लॉरी सहाला निघेल."

"वाईट किती आहेत?"

"तपासल्यावर सांगते. अंदाजाने नाही सांगत."

"हं. तपासा." फोन ठेवला.

चार ऑपरेटर आणि मी, जमिनीवर मांडी घालून एकेक बुश तपासत बसलो. एक जण तर मी दोन नग तपासेपर्यंत पाच उरकायचा आणि वर म्हणायचा, "मॅडम, स्लो." सहा म्हटलं होतं, लॉरी साडेसहाला निघाली.

दुसऱ्या सकाळी मी कागदावर सरळ ‘प्रॉब्लेम’ लिहिलं, खाली वाईट नगांचा आकडा टाकला आणि कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कागद वाचला, टोपण परत लावलं.

"एन्न मा, हा शब्द रोज नको. महिन्यातून एकदा चालेल."

पत्राचं ते काही बोलले नाहीत. पुढचा महिनाभर मी मामींकडचं जेवण कसं गिळलं ते मलाच ठाऊक.

पत्र आलं. कन्फर्म. त्यात एक ओळ होती: कामगिरी ‘सॅटिस्फॅक्टरी’ आढळली. मी पेढे घेऊन मामींकडे गेले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि कपाळाला आठी घातली.

"सॅटिस्फॅक्टरी? हे मी काठावर पास होणाऱ्यांना देत असे! व्हेरी गुड कुठे, एक्सलंट कुठे? जा, बदलून आण."

तशीच नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून गिरणीत फोन लावला. मागे पट्ट्याची फटफट ऐकू येत होती. वडिलांना ओळ वाचून दाखवली.

"त्याचा अर्थ काय?" ते ओरडले.

मोठा अर्थ सांगायचा मोह झाला. कुणी पकडलं नसतं. "चालेल, असा अर्थ आहे, दादा."

"चालेल म्हणजे, नोकरी पक्की ना?"

"पक्की."

"मग थांब," ते म्हणाले, आणि गिरणी बंद करून गिऱ्हाइकांना सांगायला लागले.