मागच्या बाकावरचे वकीलसाहेब

कॉलेज कायमचं बंद व्हायची वेळ आली की स्टाफरूममध्ये किस्से फार निघतात. पूर्वी आम्ही पगाराबद्दल बोलायचो. शेवटी शेवटी विश्रामबागेतल्या आमच्या सरकारी डी.एड. कॉलेजात बोलणं फिरून फिरून वकीलसाहेबांवर यायचं.

*

साहेब मूळचे साताऱ्याचे. शिक्षक घडवणारी कॉलेजं सरकारीच राहिली पाहिजेत, म्हणून उभा जन्म भांडले. एकदा सरकारी समितीत एका अधिकाऱ्यानं विचारलं, "वकिलाला मास्तरांची एवढी काळजी कशाला?"

"माझे निम्मे अशील न वाचता सही करून आलेले असतात. मास्तर चांगले मिळाले तर माझा धंदा बसेल. बसू दे!"

भावी शिक्षकांचे सरावपाठ खेड्यातल्या शाळेतच घ्यायचे, हा नियम त्याच बैठकीत झाला.

*

पलूसजवळच्या एका शाळेत आमच्या विद्यार्थ्यानं पाठ घेतला. वर्ग चिडीचूप, स्वारी खूश. पाठ बघायला आलेले साहेब मागच्या बाकावरून म्हणाले, "गप्प बसणं म्हणजे कबुली, हे कोर्टात. इथं गप्प म्हणजे कळलं न्हाई."

*

खेड्यात जाण्याआधी कॉलेजातच तालीम असते. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी तिसरीतली मुलं व्हायचं. शिक्षकभरती आटली, तशी आमची ही खोटी मुलंही आटली. मग ऐंशी वर्षांचे साहेब काळा कोट काढून बाकावर बसायला लागले.

आमची विद्यार्थिनी सुप्रिया भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवत होती. साहेबांनी हात वर केला. "बाई, मला भूक लागलीया."

ती पार गडबडली. नंतर साहेब तिला म्हणाले, "खेड्यात हे रोज ऐकशील. तयारी ठेव."

*

कॉलेज वाचवायला सुनावणीत साहेब स्वतः उभे राहिले. समोरून एकच प्रश्न आला, "विद्यार्थी किती?"

जन्मभर दुसऱ्यांची तोंडं बंद करणारा माणूस नुसता पाणी प्याला. परत आल्यावर म्हणाले, "आज मी गप्प बसलो. ती मात्र कबुलीच होती."

*

शेवटचा तालीमपाठ सुप्रियाचाच होता. बॅचमध्ये ती एकटीच उरली होती आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला कुलूप. बाकावर साहेब, मी आणि आमचे शिपाईमामा. तिनं पाठ छान घेतला, फळा पुसला आणि नेहमीसारखं विचारलं, "कुणाला काही शंका?"

साहेबांचा हात वर गेला. उठताना त्यांना बाक धरावा लागला.

"बाई, उद्या शाळा हाय का?"